लक्ष आहे हो तुमच्याकडे!

घरात आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, ही तक्रार मराठी मध्यमवर्गाने आता सोडून द्यावी. भिंतीवरच्या त्या पंचावन्न इंची सदस्याचं आहे. लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे तपासून पाहिलं. पडद्यावर काय चाललंय याचा नमुना एलजीचा टीव्ही दर १० मिलिसेकंदांनी घेतो, सॅमसंगचा दर अर्ध्या सेकंदाला. लग्नाला तीस वर्षं झालेल्या जोडप्यांनी यावर विचार करावा.

या विद्येचं नाव ऑटोमॅटिक कन्टेन्ट रेकग्निशन. चित्राचा किंवा आवाजाचा ठसा घ्यायचा, सर्व्हरवर धाडायचा, तिथल्या साठ्याशी ताडायचा आणि मंडळी मालिका बघतात की क्रिकेट, हे ठरवून त्याप्रमाणे जाहिराती सोडायच्या. लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरीने जोडून मुंजीचा व्हिडिओ लावलात तरी ठसे घेणं सुरूच. मुंजीला कोण आलं नव्हतं एवढं मात्र त्याला अजून सांगता येत नाही. पुढच्या अपडेटमध्ये तेही येईल.

आजोबांचं घरात कुणी ऐकत नाही? सॅमसंगच्या गोपनीयता धोरणाकडे २०१५ मध्ये जगाचं लक्ष गेलं, तेव्हा त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: आवाजी आज्ञांची सोय वापरताना खासगी काही बोललात तर तेही त्रयस्थ कंपनीकडे जाऊ शकतं. म्हणजे श्रोता मिळाला, तोही मध्येच 'हे मागेच सांगितलंत' न म्हणणारा.

या मायेचा भावही फुटलेला आहे. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोक काय बघतात याची सेकंदासेकंदाची नोंद धड न विचारता गोळा केली आणि विकली. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं. भागाकार केला तर टीव्हीमागे वीस सेंट. पुढे २०२४ मध्ये वॉलमार्टने हीच कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरना घेतली आणि जाहिरातींचा धंदा वाढवायचा आहे, हे लपवलंही नाही.

आपल्याकडेही वैयक्तिक डेटाचा कायदा आहे. तो २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या मुख्य तरतुदींना त्यापुढे दीड वर्षाची मुदत मिळाली. टीव्ही मिलिसेकंदांत काम करतो म्हणून सरकारनेही करावं, असा आग्रह बरा नव्हे.

तोवर ज्यांना एवढं कौतुक सोसत नाही, त्यांनी सेटिंग्जच्या तळघरात उतरावं. सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीवर 'लाइव्ह प्लस', सोनीच्या काही टीव्हींवर 'सांबा' सापडेल. ते बंद करा. बंद केल्यावर ठशांची रवानगी थांबते, असं त्याच संशोधकांना आढळलं. जाहिराती मात्र राहतील, फक्त तुम्हाला न ओळखता येतील. टीव्हीला स्टिक लावली असेल तर तिची सेटिंग्ज वेगळी तपासा, तीही त्याच गावची.

सगळ्यात सोपा उपाय पहिल्याच दिवशी करायचा असतो. केबल आणि डीडी फ्री डिश वाय-फायशिवाय उत्तम दिसतात. तेव्हा टीव्ही बसवायला आलेला मुलगा भराभर 'ॲग्री' दाबत तुमच्याकडे वळेल, त्याला चहा द्या. पासवर्ड देऊ नका.