चायना नाना

सुरतेच्या उधन्यात नानांचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. 'चायना नाना' म्हटलं की पानवाला थेट घर दाखवतो. मूळ गाव अमळनेर. उमर गेली सुरतेत एम्ब्रॉयडरीची मशीनं दुरुस्त करण्यात. मशीनं चीनची, ती बसवायला येणारे कारागीरही चिनी, म्हणून चिनी माणूस आपल्याला आतून-बाहेरून कळतो, असा नानांचा दावा. हे सारं ज्ञान उकळलं तर खाली उरतं एवढंच: तो गरम पाणी पितो आणि चारच्या आकड्याला घाबरतो.

एवढ्या भांडवलावर नानांनी चिनी पर्यटक आणून दीव बेटाचा उद्धार करायचं मनावर घेतलाय. दीवच का? "मकावबी पोर्तुगीजस्नं, दीवबी पोर्तुगीजस्नं. दोन्ही सवती शेतस!" दीवचा किल्ला १५३५चा, मकावला पोर्तुगीज स्थिरावले १५५७च्या सुमारास, म्हणजे दीव थोरली. तिचा काडीमोड १९६१ साली झाला, धाकटी १९९९पर्यंत नांदली. मकावला चिनी लोटतात ते कॅसिनोंसाठी, हे कुणी काढलंच तर नाना म्हणतात, "आपला किल्ला शे ना!" किल्ल्यावर पैसे कसे लावायचे, ते मात्र सांगत नाहीत.

२०२०पासून चिनी पर्यटकांचे व्हिसा बंद होते. नाना खचले नाहीत. तयारीला वेळ मिळाला म्हणाले. दीवच्या एका लॉजमालकाला पटवून चार नंबरच्या खोलीची पाटी उतरवली. तेव्हापासून त्या खोलीचा चहा पाच नंबरला जातो. सेचुआनची माणसं तिखट खातात असं कळल्यावर खानदेशी शेवभाजीही जेवणाच्या यादीत चढली.

जुलै २०२५मध्ये व्हिसा पुन्हा सुरू झाले आणि नानांनी गल्लीत पेढे वाटले. "चिनी येतीन रे भाऊ!" शांघायचा माणूस सुरतेजवळच्या हजिऱ्यापर्यंत कसा पोचणार, ही सरकारची काळजी, पुढं हजिरा-घोघा फेरीबोट आहेच. घोघ्याहून दीव किती लांब, असं विचारलं की नानांना फोन येतो.

नानांच्या दीव सहलीच्या 'ड्रॅगन पॅकेज'चं पहिलं बुकिंग मात्र सुरतेच्याच लिंबायतमधून आलं. पाच लूमवाले. गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित. त्यांना किल्ल्याची चौकशी करायची नव्हती. नानांनी ठरल्याप्रमाणे प्रत्येकाच्या हाती गरम पाण्याचा थर्मास दिला. दीवला उतरताच पाचही जणांनी ते पाणी ओतून दिलं आणि थर्मास बर्फानं भरून आणायला नानांनाच पिटाळलं.