डबी सापडली का?

आमचे मित्र गडांवरचे. राजगड-तोरणा एका दमात मारणारे. त्यांना म्हटलं, या रविवारी जिओकॅशिंग, आणि तेही नारायण पेठेत. म्हणजे कुणीतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. आपण मोबाइल घेऊन ती हुडकायची, आतल्या वहीत सही ठोकायची आणि डबी होती तिथे ठेवून घरी यायचं. "एवढंच?" हा प्रश्न अपेक्षित होता. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकानं बादली लपवून या खेळाचा नारळ फोडला.

डबी लपवायला जागामालकाची परवानगी घ्यावी, असा नियम आहे. पत्र्या मारुतीजवळच्या एका वाड्यात ती मिळवताना मला आजोबांचं मूळ गाव सांगावं लागलं. त्यात मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर चुकतं. रानात ठीक, इथे तेवढ्यात दोन जिने, एक झेरॉक्सवाला आणि 'सायकल टेकवू नये' ही पाटी येते.

दुसरा दंडक, कुणाच्या नजरेस न पडता शोधायचं. नारायण पेठेत! सॅकवाले चौघे जिन्याखाली वाकले, तोच गॅलरीतून काकू कडाडल्या, "कोण पाहिजे?"

"डबी शोधतोय."

"ती होय! धूळ बसली होती, पुसून फडताळात ठेवलीय. आणि वहीत 'दिनांक'चा दि दीर्घ काढला होता कुणीतरी, तो ऱ्हस्व केलाय."