बोरा बाजारातली गोल काच

माझ्या मेहुण्याला फिल्टर हवा होता. तो पुण्यातही मिळतो. पण त्याच्या मते कॅमेऱ्याचं सामान घ्यावं तर मुंबईच्या फोर्टातच. "फाळक्यांनी 1912 साली कॅमेऱ्यासाठी लंडन गाठलं होतं," तो आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाला. "त्यांनी स्वतःचा विमा गहाण टाकला होता," ती म्हणाली, "आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंसारखे दागिने काढून द्यायला मी बसलेली नाही." चर्चा तिथेच संपली. मी सोबत निघालो तो डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधल्या कटलेटसाठी.

फिल्टर का हवा, हे खंडाळ्याच्या घाटात कळलं. बाहेर धबधबे, ढग, हिरवे कडे. मेहुण्याने बंद खिडकीच्या काचेतून धडाधड फोटो काढले. प्रत्येक धबधबा समोरच्या काकांच्या ऑम्लेटवर कोसळत होता. "हे प्रतिबिंब घालवायला पोलरायझर लागतो, भावोजी." काकांनी ते स्वतःला लावून घेतलं आणि बशी उचलून पाठ फिरवली. प्रश्न तात्पुरता सुटला.

सीएसएमटीला उतरल्यावर स्थानकाचा आराखडा काढणाऱ्या स्टीव्हन्ससाहेबांच्या इमारतीला कॅमेरा दाखवणं आलंच. मग भुयारी मार्ग. त्यात मोबाइलची कव्हरं, छत्र्या, इअरफोन सगळं मिळतं, फक्त हवी ती वाट मिळत नाही. बोरा बाजाराकडे म्हणून जो जिना चढलो, तो महापालिकेसमोर उगवला.

बोरा बाजारात दुकानदार आधी गिऱ्हाइकाचा गळा बघतो. तिथे पट्टा असला की दर ठरतो. पहिल्याने विचारलं, "बिल के साथ, या बिना बिल?" बिल म्हणजे अठरा टक्के जीएसटी आणि कंपनीची वॉरंटी. बिना बिल म्हणजे? "दुकान की वॉरंटी." आणि दुकान? "हम इधरीच हैं ना!" एवढ्यात त्याने काउंटरवर बॅग, ट्रायपॉड, सफाईचा ब्रश आणि फुंकणी मांडलीसुद्धा. आम्ही फक्त फिल्टरचं नाव काढलं होतं.

दुसऱ्याकडे जुन्या लेन्स होत्या. मेहुण्याने एक उचलून मोबाइलच्या उजेडात धरली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी होती. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंडून ठेवली की ही बुरशी धरते. "इससे फोटो में सॉफ्टनेस आता है," दुकानदार म्हणाला. "लोग इसका एक्स्ट्रा देते हैं." एवढ्या निर्मळ मनाने थाप मारणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटला.

शेवटी एका अरुंद लाकडी जिन्यावरून वर गेलो. चष्मा कपाळावर सरकवलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. "पन्नासचा पोलरायझर द्या," मेहुण्याने ऐटीत सांगितलं. त्यांनी कॅमेरा मागून घेतला. "पन्नास ही फोकल लेंग्थ. फिल्टरचा आकडा वेगळा. काट मारलेल्या शून्यापुढे काय आहे, वाचा." अठ्ठावन्न होतं. "दुसरी लेन्स?" सदुसष्ट. "पुढे मोठी घेणार?" मेहुण्याने माझ्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली. मी जिन्याकडे पाहिलं.

"मग प्रत्येक लेन्सला निराळा फिल्टर कशाला? सत्त्याहत्तरचा एकच न्या आणि तो लहान लेन्सवर बसवायला दोन स्टेप-अप रिंगा. रिंग लावल्यावर हूड बसणार नाही, तेवढं सोसा. आणि उजेड दीड-दोन स्टॉप कमी होईल, संध्याकाळी काढून ठेवा." स्वतःच्या मालाची उणीव आपणहून सांगणारा दुकानदार त्या गल्लीत आम्हाला पहिल्यांदाच भेटत होता. मेहुणा गहिवरला. मी सावध झालो. घासाघीस करणाऱ्याशी भांडता येतं, सज्जनापुढे पाकीट आपोआप उघडतं.

"आणि काचेसमोर सरळ उभं राहून उपयोग नाही," ते म्हणाले. "थोडं तिरकं व्हायचं आणि फिल्टर फिरवायचा. बघा इथेच." काउंटरच्या काचेवर ट्यूबलाइट झळाळत होती, खालचं काहीच दिसत नव्हतं. मेहुण्याने फिल्टर डोळ्याला लावला, वाकला आणि हळूहळू फिरवू लागला.

"गेली!" तो ओरडला. "चमक गेली, भावोजी! आतलं सगळं स्वच्छ दिसतंय!"

मग बराच वेळ तो वाकलेलाच राहिला.

"काका," त्याने विचारलं, "ते डावीकडचं केवढ्याला?"