खणलं असतं तर सापडलं असतं

हॉलिवूडचा उन्हाळा कराडात पावसातच येतो. २९ जून २००५ ला निघालेला स्पीलबर्गचा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ मी पुढे घरीच पाहिला, टीव्हीवर, हिंदीत डब केलेला. बाहेर कोयना फुगलेली, पुढ्यात ताटलीभर भडंग.

एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या कादंबरीत मंगळवासी निदान रीतसर नळकांड्यांत बसून येतात. सिनेमात त्यांची तीन पायांची यंत्रं म्हणे युगानुयुगं जमिनीतच पुरलेली. अहो, आमच्या गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी एकदा, गटारासाठी एकदा आणि केबलसाठी दोनदा खणलंय. असती तर भंगारवाल्याने केव्हाच किलोवर नेली असती.

पुस्तकाचा डंख निराळा होता. इंग्रजांनी टास्मानियात मूळ रहिवाशांचं जे केलं, त्यांना जवळजवळ संपवलं, ते लंडनवरच उलटलं तर? आणि मंगळवाले मरतात ते तोफांनी नव्हे, जंतूंनी. १८९७ मध्ये ही गोष्ट तिकडे मासिकात क्रमशः छापून येत होती, तेव्हा इकडे पुण्यात प्लेग आणि रँडसाहेबाच्या झडत्या चालू होत्या. आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

सिनेमाने साम्राज्य गाळलं आणि घटस्फोटित टॉम क्रूझची किरकिरी पोरं घेतली. त्यातला थोरला भर लढाईत आगीच्या लोटात शिरतो, आणि शेवटी बापाच्या आधी बॉस्टनला आजोळी हजर! अंगावर धड ओरखडाही नाही. आमच्या आत्याच्या लग्नात वऱ्हाड नुसतं पेठनाक्याहून यायचं होतं, तरी मुहूर्त टळला होता.