रात्रीची लाइट

मुंबईत हॉटेलं आणि मॉल रात्रभर उघडे ठेवायचे की नाहीत, यावर 2020 च्या जानेवारीत मोठा गदारोळ झाला. मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, संस्कृती बुडणार की रोजगार वाढणार यावर दोन्ही बाजूंचे घसे बसले. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या पोरांनी ही बातमी मोबाइलवर वाचली ती पाटाच्या कडेला बसून, रात्री दोन वाजता. भांडण नेमकं कशावरून आहे हेच त्यांना कळेना. त्यांच्या तालुक्यात नाइट लाइफ कितीतरी वर्षं आधीपासून चालू होती. तिच्यासाठी कुणी उपोषणाला बसलं नव्हतं की कुणी ठराव मांडला नव्हता. वीज कंपनीने वेळापत्रक छापलं आणि ती आपोआप सुरू झाली.

ज्यांची शेती फक्त सातबाऱ्यावर उरली आहे त्यांच्यासाठी खुलासा करायला हवा. शेतीपंपाला थ्री फेज वीज मिळते ती साधारण आठ तास. हे आठ तास काही दिवस दिवसा असतात, काही दिवस रात्री. गावठाणाचा फीडर वेगळा, त्यामुळे घरात मालिका सुरळीत चालतात आणि सासू-सुनांची भांडणं वेळेवर होतात. पण विहिरीवरची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार रात्री दहाला जागी होते आणि सकाळी सहाला झोपते. कांद्याला दिवस-रात्र समजत नाही, उसाला तर काहीच समजत नाही. तेव्हा प्रत्येक घराला एक निशाचर ठेवावा लागतो. आजोबांना अंधारात दिसत नाही, आप्पांची कंबर धरते, थोरले पुण्याला फ्लॅटमध्ये असतात. राहता राहिले धाकटे चिरंजीव.

पुण्याच्या मुलाला रात्री घराबाहेर पडायचं तर प्रोजेक्ट, ग्रुप स्टडी, मित्राच्या आजीचं आजारपण असं काहीबाही रचावं लागतं. न्हावऱ्याच्या मुलाला तीन शब्द पुरतात.

“दारं धरायला चाललोय.”

दारं धरायची म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत बसायचं. या वाक्यापुढे बाप निरुत्तर असतो. आई तर उलट हळहळते, डब्यात चटणी-भाकरी बांधून देते, “सांभाळून जा रं बाळा” म्हणते. गमबूट, कपाळावर बांधायची बॅटरी, खांद्यावर फावडं, कमरेला ब्लूटूथ स्पीकर असा सगळा सरंजाम लेवून चिरंजीव मोटारसायकलला किक मारतात. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना बळीराजा योजनेत वीजही मोफत झाली. मुंबईच्या क्लबात दारातच पैसे मोजावे लागतात म्हणे. इथे प्रवेश फुकट आणि पाणी पाहिजे तेवढं.

आता त्यात मोबाइल स्टार्टर आला. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड घालायचं, कुठूनही फोन लावायचा, मोटार चालू. पुन्हा फोन लावायचा, बंद. न्हावऱ्यात हे यंत्र आधी कुणी बसवलं याची चौकशी केली तर घरोघरच्या चिरंजीवांचंच नाव पुढे येईल. आणि बसवल्यावर ते आप्पांना न सांगण्याची दक्षताही त्यांनीच घेतली. ज्याच्या रानात ठिबक आहे तो तर संस्थानिकच. त्याला दारं मोडायची नाहीत, वाफे भरायचे नाहीत. त्याने फक्त घरातून निघायचं.

निघून जायचं कुठं? गावात तर रात्री नऊनंतर कुत्रीही ओळखीची. मग शिरूर-चौफुला रस्त्याला लागायचं. पारगावला भीमेचा पूल लागतो. पूल ओलांडला की शिरूर तालुका संपतो, दौंड सुरू होतो आणि माणूस बदलतो. अलीकडे तो अमक्याचा धाकटा असतो, तमक्याचा भाचा असतो, सोसायटीच्या थकबाकीदाराचा वारस असतो. पलीकडे तो ‘शेठ’ होतो.

केडगाव-चौफुल्याला सोलापूर रस्त्याच्या आजूबाजूला जी कला केंद्रं आहेत, त्यांची ख्याती नव्याने सांगायला नको. ढोलकी-फडाचा तमाशा तंबू पाठीवर घेऊन जत्रा-जत्रा फिरतो, कला केंद्रातली संगीत बारी मात्र एका जागी असते. पेटी असते, ढोलकी असते, पिढ्यान्‌पिढ्या गाणं सांभाळणाऱ्या बाया असतात. समोर बसणाऱ्यांपैकी कितीजण गाण्यासाठी आलेले असतात, हे त्या पहिल्या मिनिटात ओळखतात. आमचे चिरंजीव चौघेजण असतात आणि चौघांत मिळून पाचशेची एक नोट. ती नोट दौलतजादा म्हणून उडवायची की परतीच्या पेट्रोलला ठेवायची, यावर मागच्या खुर्च्यांवर कुजबुज चालते. शेवटी ती पेट्रोललाच जाते, पण गावात सांगताना ती उडवलेली असते. आणि दर वर्षी तिला एक शून्य चढतं.

खरा थरार पुढे आहे. लावणी ऐन रंगात असते आणि खिशातला मोबाइल थरथरतो. प्रेयसीचा निरोप नव्हे, विहिरीवरच्या पेटीचा. एक फेज गेला आहे. मोटार बंद. इकडे गायिका वरच्या सुरात, तिकडे कांद्याचे निम्मे वाफे कोरडे. सगळी रात्र ज्याला कुणी शोधू शकलं नव्हतं त्या माणसाला एका यंत्राने बसल्या जागी गाठलेलं असतं. मराठी रंगभूमीवर कर्तव्य आणि प्रेम यांच्या द्वंद्वावर पुष्कळ नाटकं झाली. डीपीवर जाऊन फ्यूज घालायचा की आणखी एक लावणी ऐकायची, या पेचावर एकही नाही.

परत येताना पहाटेचे चार वाजलेले असतात आणि एक काम राहिलेलं असतं. पाय स्वच्छ असतात. रात्रभर दारं धरून आलेल्या माणसाचे पाय स्वच्छ कसे? म्हणून गाडी कालव्याशी उभी करून चौघेही गंभीरपणे चिखलात उतरतात, पोटरीपर्यंत माखून घेतात, फावड्यालाही थोडा लावतात. घरी पोचल्यावर दारातच आप्पा तंबाखू मळत बसलेले. ते चिरंजीवांच्या पायाकडे बघतात.

“आपल्या रानाची माती काळी हाय.”

“व्हय की.”

“ही पांढरट दिसती. कालव्याच्या भराव्याची.”

चिरंजीव गप्प. आप्पा पुढे बोलत नाहीत. कालव्याचा चिखल चार फुटांवरून ओळखण्याची ही विद्या आप्पांनी कुठं मिळवली, हे विचारायची घरात कुणाची टाप नाही.

सगळ्याच रात्री चौफुल्याच्या नसतात, हेही लिहायला हवं, नाहीतर गावात तोंड दाखवता यायचं नाही. बऱ्याच रात्री खरोखर चिखलातच जातात. आणि काही रात्री पिकअपमध्ये, कांद्याच्या गोण्यांवर. पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटेपर्यंत माल पोचवायचा म्हणून रात्री निघायचं. हे आमच्या तरुणाचं खरं पर्यटन. लडाखला जाणारे लोक थंडीत तंबूत झोपतात आणि त्याचे फोटो टाकतात. हा गुलटेकडीच्या यार्डात गोण्यांवर झोपतो, फोटो टाकत नाही. सकाळी लिलाव होतो. पट्टी हातात येते, त्यातून हमाली गेलेली असते, तोलाई गेलेली असते, भाडं द्यायचं असतं. उरलेल्या पैशात मिसळ खायची की नुसता चहा, हे दिल्लीत ठरतं. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती मे 2024 पर्यंत. त्या पाच महिन्यांत न्हावऱ्याच्या कितीतरी चिरंजीवांनी स्वारगेटपर्यंतसुद्धा न जाता, यार्डाच्या फाटकाबाहेर चहा घेऊन पुणे दर्शन आटोपलं. व्यापारमंत्र्यांना आपण कुणाची मिसळ खाल्ली हे माहीतही नसेल.

दिवसाढवळ्या भटकायचं तर बैलगाड्याचा घाट असतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर 2021 पर्यंत आमच्या एका पिढीला दिवसा घराबाहेर पडायला कारणच उरलं नव्हतं. रात्रींवरचा ताण का वाढला, याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही तारीख लक्षात घ्यावी. काष्टीचा शनिवारचा बैलबाजार तेवढा त्या काळात उपयोगी पडला. तिथे न विकत घ्यायच्या बैलाचे दात मोजण्यात अख्खा दिवस जातो.

आता बिबट्या. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात, पिंपरखेड भागात, बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली. त्यावर विनोद करण्याची आमची छाती नाही. विनोद सरकारी कागदात आहे. वन विभाग सांगतो, अंधार पडल्यावर एकट्याने शेतात जाऊ नका, जावंच लागलं तर हातात काठी-बॅटरी ठेवा, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावा. वीज कंपनी सांगते, तुमची वीज रात्री दहाला येईल. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे दोन्ही कागद एकाच खिळ्याला टांगले तर वाऱ्याने एकमेकांना मारतील. बिबट्या उसात निघतो ती वेळ आणि थ्री फेज येते ती वेळ, दोन खात्यांनी बैठक घेऊनही इतकी जुळवता आली नसती. बिबट्यांच्या पट्ट्यात दिवसा वीज द्या, ही मागणी लोक कधीपासून करत आहेत. तोवर चिरंजीवांच्या ब्लूटूथ स्पीकरला सुरक्षा साधनाचा दर्जा मिळाला आहे. पूर्वी ज्या गाण्यांवरून आप्पा ओरडायचे, ती आता वन्यप्राणी प्रतिबंधक उपाय म्हणून पूर्ण आवाजात वाजतात.

इतकं जागूनही या मुलाची किंमत काय, ते सोयरिकीच्या बैठकीत कळतं. पाव्हणे विचारतात, मुलगा काय करतो? शेजारच्या घरातला रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटावर रात्रपाळी करतो. कंपनीची बस त्याला फाट्यावरून उचलते. त्याच्याबद्दल सांगताना सगळ्यांचे आवाज खणखणीत होतात: कंपनीत आहे. आमच्या चिरंजीवांचीही रात्रपाळीच. तेवढेच तास, वर साप-विंचू-बिबट्या. त्यांच्याबद्दल मात्र मामा घसा खाकरून म्हणतात, “सध्या घरचं बघतोय.” पाव्हणे समजायचं ते समजतात, पोहे संपवतात, कळवतो म्हणून जातात. बसने रात्री बाहेर पडणारा मुलगा सेटल. फावडं घेऊन रात्री बाहेर पडणारा उनाड. पगाराच्या चिठ्ठीवर शिक्का असतो आणि कांद्याच्या पट्टीवरही असतो, पण मुलीच्या बापाला एकच शिक्का वाचता येतो.

मध्यंतरी एका मुलाने डोकं चालवलं. बायोडेटात ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने लिहिलं: सिंचन व्यवस्थापन, नाइट शिफ्ट. दोन स्थळं आली. दोघांनीही पहिला प्रश्न विचारला, कंपनी कुठली?

सरकारने 2024 मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. आप्पांनी मागितला. अर्ज, हिस्सा, पाहणी, पुन्हा पाहणी असं सगळं होऊन रानात निळ्या पाट्या उभ्या राहिल्या. ऊन पडलं की मोटार चालू, ऊन कललं की बंद. फेज जाण्याची भानगड नाही, फ्यूज नाही, रात्रीचं दारं धरणं नाही. आजीने पहिल्या पाण्याला हळद-कुंकू वाहिलं. आईने देवाला साखर ठेवली. आप्पा पाटात पाय सोडून बसले आणि दुपारी बारा वाजता वाफा भरताना बघून त्यांचे डोळे भरून आले.

त्या आनंदसोहळ्यात एकटा माणूस कोपऱ्यात उदास उभा होता. फावड्यावर हनुवटी टेकवून तो सूर्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू सूर्याने त्याची जागा बळकावली होती. संध्याकाळी सातला जेवण, साडेनऊला अंथरूण. चिरंजीवांच्या आयुष्यात पहिल्यांदाच रात्र झाली ती झोपण्यासाठी. पारगावच्या पुलापलीकडचा शेठ एका अनुदानात दिवाळखोर झाला. त्याने दबक्या आवाजात एक-दोनदा शंकाही काढली: ढगाळ हवेत काय करायचं? पावसाळ्यात? जुनं कनेक्शनपण राहू द्यावं का, असू द्यावं आपलं? आप्पांनी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात गावात बोलणं निघालं की शिवारात केबल चोरीला जाताहेत, कुणाच्या पाट्याही उचकटल्या. चिरंजीवांचा चेहरा एकदम उजळला. जेवणाच्या ताटावरच त्यांनी विषय काढला. एवढी महागाची वस्तू उघड्यावर, राखण पाहिजे, कुणीतरी रात्री रानात झोपायलाच हवं, माझी काय हरकत नाही, मी जाईन रोज, झोपेचं काय एवढं, शेवटी आपलंच आहे.

आप्पांनी शांतपणे भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.

“तू दमतोस. मीच जात जाईन.”

“तुमची कंबर, आप्पा...”

“बरी हाय आता.” आप्पा उठले, हात धुतले, मुंडाशाचं टोक खोचलं आणि दारातून मागे वळून म्हणाले, “गाडीची चावी कुठं ठेवलीयस? आन्‌ तो तुझा गाण्याचा डबा दे. बिबट्याचं काय सांगता येत न्हाय.”