घरमालक ड्युटीवर आहेत

भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात कळवा, नाहीतर कारवाई होईल, असा दम पुण्या-मुंबईत घरमालकांना दिला जातो. मग भाडेकरूचा फोटो, आधार, मूळ गाव, दोन ओळखीच्या माणसांचे नंबर हे सगळं चौकीपर्यंत जातं आणि तिथं कपाटावर धूळ खात पडतं. इंग्लंडात आम्ही ही मधली पायरी वाचवली. आमचा घरमालकच पोलिस आहे. सार्जंट.

लेटिंग एजंटनं ही गोष्ट घराच्या सोयींमध्ये सांगितली. दोन बेडरूम, मागं बाग, स्टेशन जवळ, आणि मालक पोलिसात. "म्हणजे माणूस एकदम सरळ," असं वर तोच म्हणाला. आम्ही नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. लहानपणी वरणभात संपवला नाही की ज्याला बोलावण्याची धमकी मिळायची, त्याच्याच खात्यात आता दर महिन्याच्या एक तारखेला पैसे जमा करायचे होते. पोलिसाला दरमहा पैसे द्यायचे, तेही बँकेतून आणि पावती घेऊन, हे साताऱ्याला फोनवर समजावून सांगताना वडील सारखे विचारत राहिले, "पण पकडलंय कशात तुला?"

तसा इथल्या पोलिसाला भिण्याचं कारण नाही, असं सगळेच सांगतात. रॉबर्ट पील यांनी 1829 मध्ये लंडनचं पोलिसदल उभारलं, तेव्हा लोकांना ते लष्कर वाटू नये म्हणून शिपायांना लाल नव्हे, निळा कोट दिला आणि हातात लाकडी दंडुका. आजही इथला सर्वसाधारण पोलिस बंदुकीविना हिंडतो. मात्र याच इंग्रजांनी आमच्यासाठी पोलिस कायदा केला तो 1861 मध्ये, सत्तावनचा उठाव मोडून काढल्यावर. त्याला नमुना घेतला तो लंडनचा नव्हे, आयर्लंडचा. तिथले पोलिस म्हणजे बराकीत राहणारी हत्यारबंद फौज. तेव्हा सार्जंटची गाडी दारात लागली की माझ्या पोटात जो गोळा येतो त्याला ऐतिहासिक आधार आहे. गोळा आयरिश बनावटीचा आहे, एवढंच.

पोलिसाचं स्वतःचं दुसरं घर असतं यात आम्हा महाराष्ट्रीयांना नवल वाटायचं कारण नव्हतं. आपल्याकडंही असतात, फक्त ती मेहुण्याच्या नावावर असतात. इथल्या पोलिसाला जोडधंदा खात्याला कळवावा लागतो, आणि अशा धंद्यांच्या याद्या बाहेर येतात तेव्हा त्यांत घरभाडं ठळकपणे दिसतं. आमच्या सार्जंटनं हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितलं. आपण रीतसर परवानगी काढलेली आहे, असं म्हणून त्यानं कागदही दाखवला. घरमालकानं भाडेकरूला कागद दाखवायचा, ही गोष्ट पुण्यातल्या आमच्या जुन्या मालकीणबाईंना कळली असती तर त्यांनी हाय खाल्ली असती.

घर देण्याआधी त्यानं आमची तपासणी केली, पण पोलिस म्हणून नव्हे. भाडेकरूला या देशात राहण्याचा हक्क आहे की नाही, ही तपासणी इंग्लंडभर फेब्रुवारी 2016 पासून प्रत्येक घरमालकाला करावी लागते. परदेशी माणसानं सरकारी संकेतस्थळावरून नऊ अक्षरांचा शेअर कोड काढून मालकाला द्यायचा. मालकानं त्यात जन्मतारीख घालायची आणि पडद्यावरचा फोटो समोरच्या माणसाशी ताडून पाहायचा. हयगय केली आणि घरात भलताच निघाला, तर 2024 पासून पहिल्या खेपेलाच माणशी 10,000 पौंडांपर्यंत दंड. म्हणजे गावातल्या न्हाव्यापासून निवृत्त बाईंपर्यंत, ज्याच्याकडं म्हणून भाड्याची जागा आहे त्या प्रत्येकाला सरकारनं बिनपगारी अर्धा पोलिस करून टाकलंय. आमच्या वाट्याला दीड आला.

मग इन्व्हेंटरी. साध्या मालकाच्या यादीत सोफा एक, टेबल एक, खुर्च्या चार असं असतं. आमच्या हातात पडला तो पंचनामा. "स्वयंपाकघर, उत्तरेची भिंत, जमिनीपासून सव्वा मीटरवर नखाएवढा ओरखडा, जुना." प्रत्येक ओरखड्याचा फोटो, आणि फोटोत शेजारी मोजपट्टी. खडूनं माणसाची आकृती तेवढी काढायची राहिली होती. आम्ही पानोपानी सह्या केल्या. कशावर केल्या ते बायकोनं घरी येऊन विचारलं, तेव्हा लक्षात आलं की घर हेच.

एवढ्या बारकाईतूनही खिळ्याचं एक भोक निसटलं होतं. आधीच्या भाडेकरूनं फ्रिजच्या बाजूला मारलेला खिळा. त्या खिळ्यावर आमच्या हिनं कालनिर्णय लावलं. पुढं सार्जंट पाहणीला आला. इथल्या कायद्यानुसार मालकाला पाहणीला येण्याआधी किमान 24 तास लेखी कळवावं लागतं. याचा निरोप "गुरुवार, 1400" एवढाच असतो आणि 1400 ला बेल वाजते. तर, गुरुवारी तो स्वयंपाकघरात आला, एप्रिलचं पान दोन बोटांनी वर उचललं, खाली वाकून मागं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे कधीचं?"

"आम्ही आलो तेव्हापासून आहे," बायको म्हणाली.

"मला काही माहीत नाही," नेमकं त्याच क्षणी मी म्हणालो.

दोन साक्षीदार, दोन जबाब. त्यानं खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं, पान उलटलं, पुन्हा लिहिलं. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, ते 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं, वापरानं होणाऱ्या नेहमीच्या झिजेचे पैसे त्यातून कापता येत नाहीत, हे सगळं मला तोंडपाठ आहे. त्या रात्री मी अंथरुणात उठून बसलो आणि बायकोला ते म्हणून दाखवलं. ती म्हणाली, त्याच्यासमोर म्हण.

हिवाळ्यात बाथरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. इंग्लंडात ही घरातली एक व्यक्तीच समजतात. घर राहण्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकाची, आणि त्यात ओलही मोजायची, असा कायदा 2018 मध्ये झाला. तरीही इंग्लंडातला कुठलाही घरमालक बुरशीचा आळ भाडेकरूच्या श्वासोच्छ्वासावरच घालतो. आमच्याकडं फरक इतकाच की चौकशी प्रशिक्षित माणसानं केली.

"कपडे घरात वाळवता?"

"बाहेर पाऊस असतो."

"रेडिएटरवर?"

मी गप्प. गप्प राहण्याचा हक्क या देशात आरोपीला असतो. मात्र गप्प राहिल्याचं पुढं कोर्टात वाईट दिसू शकतं, हेही अटक करताना सांगतात. शेवटी बायकोनंच कबुली दिली. रोज संध्याकाळी कुकर. तीन शिट्ट्या. डाळ असेल तर चार. सार्जंटनं कुकर पाहायला मागितला, झाकणावरची शिट्टी उचलून वजन केल्यासारखी हातात धरली आणि परत ठेवली. बुरशी आजही तिथंच आहे. कुकर मात्र आम्ही खिडकी उघडून लावतो, आणि जानेवारीत तशी आमटी जेवायला बसणं म्हणजे काय ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

दिवाळीला वडील इकडं आले होते. सार्जंट दारात दिसताच ते उठून उभे राहिले आणि तो जाईपर्यंत बसले नाहीत. फराळाचा डबा त्यांनी स्वतःच्या हातानं पुढं केला: चकल्या, करंज्या, चिवडा. तो डब्याकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, हे घरमालकाला दिलंय की पोलिसाला? पोलिसाला मिळालेल्या भेटवस्तूंची खात्यात नोंद करावी लागते. मी भाषांतर केलं. उभं आयुष्य सरकारी कचेऱ्यांचे खेटे घालण्यात गेलेल्या वडिलांना हा प्रश्नच कळेना. "त्याला सांग, साहेबाला दिलंय," ते म्हणाले. अखेर डबा घरमालकानं नेला आणि रिकामा धुऊन परत आणला पोलिसानं, गणवेशात, ड्युटीवर जाता जाता. गल्लीत चार खिडक्यांचे पडदे हलले.

आपल्या लोकांत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. गणपतीत एक सद्गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. इथं गाडीचा वेग वाढला तर किमान 100 पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण, किंवा नशीब बरं असेल तर पैसे भरून वर्गात बसायचं. यांना दुसऱ्यांदा पत्र आलं होतं. "तुमचे ते सार्जंट आहेत ना, त्यांच्या कानावर घालाल का नुसतं? बाकी काही नको." हेच गृहस्थ आदल्या संध्याकाळी, त्याच मांडवात, भारतात काम व्हायला ओळख लागते आणि इथं कशी लागत नाही यावर मुलांपुढं बोलले होते. भाषण चांगलं झालं होतं.

एका मराठी पोराचं प्रकरण मात्र खरंच गंभीर होतं. तो कामावर गेला असताना त्याच्या मालकानं कुलूप बदललं आणि सामान बाहेर काढून ठेवलं. कोर्टाच्या हुकमाविना भाडेकरूला असं बाहेर काढणं हा 1977 च्या कायद्यानं सरळ सरळ फौजदारी गुन्हा आहे. पोरानं पोलिसांना फोन केला. उत्तर आलं, ही दिवाणी बाब आहे, वकील बघा. अशा वेळी हेच उत्तर मिळालेले भाडेकरू या देशात पैशाला पासरी आहेत. मी म्हटलं, थांब, आपला घरचाच माणूस आहे. सार्जंटला विचारलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, "ही दिवाणी बाब आहे." मी फोनवर कायदा काढून पुढं धरला. त्यानं चष्मा लावला, कलम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि मलाच विचारलं, "हे आम्हाला कधी शिकवलं?"

आता कुणी म्हणेल, तुला एवढे कायदे येतात, तर वापर. बॉयलर बंद पडला तेव्हा आम्ही दोन स्वेटर घालून झोपलो. मालक ऐकत नसेल तर तक्रार कौन्सिलकडं करायची असते, पोलिसांत नव्हे, हे मला माहीत आहे. पण त्या अर्जात मालकाचं नाव आणि व्यवसाय लिहायच्या जागी पोचलो की आतला आयरिश गोळा जागा होतो. भाडं वाढवल्याचं पत्र आलं तेव्हा तर मी आभाराची मेल पाठवली. वाढ जास्त वाटली तर न्यायाधिकरणाकडं दाद मागता येते. तिथं न्यायाधीश असतो, फी बेताची असते, आणि समोर आमचा सार्जंट असेल, जो पेशानंच कोर्टात साक्ष द्यायला सरावलेला आहे. माझ्याकडून साक्षीला कोण? बायको. तिचा आणि माझा जबाब जुळत नाही हे त्याच्या वहीत आधीच लिहिलेलं आहे.

परवा तो नेहमीपेक्षा पडेल चेहऱ्यानं आला आणि प्रथमच बसला. कारण न देता घर खाली करून घेण्याची मालकांची जुनी सोय, 1988 च्या कायद्यातलं कलम 21, नव्या कायद्यानं गेली. त्यासाठी 1 मे 2026 ही तारीख ठरली. आमच्या हिनं उगाच सांगितलं की तो महाराष्ट्र दिन असतो. मग चहा घेता घेता उलगडा झाला. त्याचा आणखी एक फ्लॅट आहे आणि तिथला भाडेकरू भाडं देत नाही. नोटीस देऊन झाली, कोर्टात अर्ज झाला, निकाल लागला तरी पुढं बेलिफची तारीख मिळायला रांग. वैतागून त्यानं स्वतःच्याच ठाण्यात, काउंटरवरच्या सहकाऱ्याला विचारून पाहिलं होतं. सहकारी म्हणाला, ही दिवाणी बाब आहे.

"तुमच्याकडं काय करतात?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. करार अकरा महिन्यांचा असतो. भाडेकरू उठत नसेल तर कोर्ट आहेच, पण कोर्टात कोण जातो. मालकाच्या ओळखीत कुणीतरी पीआय असतो, नसला तर नगरसेवकाच्या ओळखीत असतो. त्याला फोन जातो. संध्याकाळी दोन हवालदार येतात आणि जिन्यात उभे राहतात.

"वॉरंट?"

"नाही."

"नोटीस?"

"नाही."

"मग ते करतात काय?"

"काही नाही. उभे राहतात. एखादा चहा मागतो."

"आणि भाडेकरू?"

"सामान बांधतो."

सार्जंट बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं वही बंद करून खिशात ठेवली, खुर्ची थोडी पुढं ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, महाराष्ट्र पोलिसांत भरतीला वयाची अट किती आहे.