मेन्यूकाका

वसई पट्ट्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती गावात शिरा, तिथे एक चर्च असतं, एखादं बावखल म्हणजे तळं असतं आणि एक मेन्यूकाका असतात. चर्च पोर्तुगीजांच्या वेळचं असतं, बावखल त्याहून जुनं असतं आणि मेन्यूकाका या दोन्हींच्याही आधीचं काहीतरी सांगत असतात.

आमच्या शेजारचे मेन्यूकाका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. विरार लोकलमध्ये उभं राहून आपण राज्याचा कारभार चालवला, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर लोकल सुटली, राज्यही सुटलं, टिपणी मात्र सुटली नाही. स्वयंपाकाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध बेताचाच. काकी तापाने पडल्या होत्या तेव्हा त्यांनी एकदा चहा केला होता. काकी दुसऱ्या दिवशी सकाळी बऱ्या झाल्या. पण नाताळच्या जेवणात काय असावं हा विषय आपल्या अखत्यारीतला आहे, याबद्दल काकांच्या मनात शंका नाही. तसा जी.आर. कुणी काढलेला नाही. रद्दही कुणी केलेला नाही.

२ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून माणसं घरी परतली की कपाटावरची फाइल खाली येते. वर काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असतं : ‘विषय – नाताळ – दि. २५ डिसेंबर रोजीचे जेवण – निश्चित करणेबाबत.’ ‘निश्चित करणे’ आणि ‘बाबत’ यांच्यामध्ये पुढचे दोन महिने जातात.

मग नाताळच्या आधीचे चार रविवार येतात. चर्चमध्ये दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लागतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. इकडे काकांच्या ओटीवर चार बैठका होतात. हजर कोण? काकी, लेक, मंगलोरचा जावई, काकांची थोरली बहीण मोठीबाय, कॅनडातला मुलगा (टॅबवरून, बहुतेक वेळ त्याचं छतच दिसतं) आणि शेजारी म्हणून मी आणि माझी आई. आम्हा दोघांना मताचा अधिकार नाही. आम्ही निमंत्रित सदस्य.

पहिली बैठक जगाच्या आढाव्याची. “पोलंडमध्ये चोवीसच्या रात्री बारा पदार्थ करतात,” काका आईकडे वळून म्हणाले, “आणि त्यात मटण औषधालाही नसतं!” आई शाकाहारी. तिला पोलंडबद्दल एकदम माया वाटू लागली. “अगंबाई! मग असतं तरी काय काय?” काकांनी चष्मा वर केला. “मासे.” पोलंडशी आमचे संबंध तिथेच तुटले.

मग जपान. तिथे १९७४ पासून नाताळला केएफसीचं तळलेलं चिकन खायची पद्धत पडली आहे, लोक आधी नाव नोंदवून ठेवतात आणि त्या दिवशी डबा घेऊन घरी येतात. एवढा वेळ लसूण सोलत असलेल्या काकींनी पहिल्यांदा मान वर केली. “म्हणजे बाई मोकळी?” “तसं म्हणायला हरकत नाही.” “आणि भांडी?” “कागदी.” काकी जपानबद्दल आणखी काही विचारणार, एवढ्यात काकांनी ऑस्ट्रेलिया सुरू केला, तिथे ऐन उन्हाळ्यात नाताळ येतो, म्हणून थंडगार कोळंबी खातात वगैरे. इतिवृत्तात जपानचा उल्लेख आढळत नाही.

टर्कीचं प्रकरण मात्र दरवर्षी निघतं आणि दरवर्षी लांबतं. कुठल्या तरी सिनेमात काकांनी मेजाच्या मधोमध ठेवलेली भाजलेली टर्की पाहिली आहे. घरातला कर्ता पुरुष सुरी घेऊन उभा राहतो, सगळे त्याच्याकडे बघतात, तो कापतो आणि वाढतो. माझा असा कयास आहे की काकांना टर्की नकोच असते. त्यांना ती सुरी हवी असते. आपल्याकडे जेवण पातेल्यात शिजतं, डावाने वाढलं जातं आणि डाव काकींच्या हातात असतो. अशा पद्धतीत घरच्या कर्त्याने उभं कुठे राहायचं?

“डिकन्सने १८४३ साली लिहून ठेवलंय,” काका म्हणतात. “तो स्क्रूज शेवटी सुधारतो आणि गरीब कारकुनाच्या घरी काय पाठवतो? टर्की!”

“सगळा जन्म कंजूषपणात गेलेला माणूस,” काकी म्हणतात. “पहिल्यांदाच बाजारात गेला. त्याला बाजारातलं काय कळणार? दिसला तो सगळ्यात मोठा पक्षी उचलला.”

साहित्याची इतकी चोख समीक्षा मी फार थोड्या ठिकाणी ऐकली आहे.

त्यावर काका हरत नाहीत. ते टेप आणून ओव्हनची रुंदी मोजतात. ओव्हनमध्ये केकचं एक भांडं जेमतेम मावतं, आणि टर्की पाच-सहा किलोची. मग गावातल्या बेकरीच्या भट्टीचा प्रस्ताव येतो. भट्टीत भाजून आणायची रीत पूर्वीपासून आहे हे खरं. पण डिसेंबरमध्ये बेकरीवाला केकच्या ऑर्डरींखाली इतका दबलेला असतो की तो गिऱ्हाइकाकडे बघतही नाही. काका तरीही जाऊन विचारतात. परत येऊन फाइलवर शेरा मारतात : ‘बेकरी – तोंडी नकार – पुढील वर्षी पुनश्च सादर.’

टर्की अशी मार्गी लागली की बदक. बदकाची मोईली हा खरं म्हणजे वादाचा विषयच नव्हे. काकी माहेरच्या वांद्र्याच्या गावठाणातल्या, त्यांच्याकडे बदकाशिवाय नाताळ उजाडत नाही. कांदा, बटाटा, व्हिनेगर आणि बाटली मसाला. हा मसाला एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, भाजून, कुटून काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. वीस-पंचवीस जिन्नस त्यात असतात आणि कुठला किती हे एका घरची बाई दुसरीला सांगत नाही. बिअरच्या रिकाम्या बाटल्या त्याला सगळ्यात बऱ्या. मसाला बाटलीत कोंबून भरायचा, म्हणजे हवा राहत नाही, आणि गडद काचेमुळे रंग उडत नाही. मे महिन्यात काकी त्या बाटल्यांचं काय करतात हे काकांनी पाहिलेलं असतं. तरी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते गंभीरपणे विचारतात, “यंदा मोईली करायची की नाही, यावर साधकबाधक चर्चा व्हावी असं मला वाटतं.” मागे बावखलाच्या काठाला दोन बदकं चरत असतात. त्यांना काकींनी दिवाळीच्या सुमारास आणून सोडलेलं असतं. चर्चेत त्यांचा आवाज अधूनमधून येतो. कुणी मागे वळून बघत नाही.

जावयाचं म्हणणं सान्नांबद्दल असतं. मंगलोरकडे डुकराच्या मटणाबरोबर तांदळाच्या वाफवलेल्या सान्ना लागतात. इकडे फुगे लागतात. फुगे म्हणजे मैद्याचं, अंड्याचं, नारळाच्या दुधाचं पीठ आंबवायचं आणि मूठ आवळून अंगठ्याच्या खाचेतून एकेक गोळा तेलात सोडायचा. तो टम्म फुगतो, आतून मऊ आणि पोकळ. काकींची मूठ या कामात इतकी सरावलेली आहे की गोळे एका मापाचे पडतात. जावई लग्नानंतर पहिल्या नाताळला “फुगेही चांगले असतात” असं म्हणाला होता. त्यातला तो ‘ही’ मोठीबाय अजून विसरलेली नाही. काकांनी त्या वर्षी उपसमिती नेमली. उपसमितीत जावई एकटाच होता. तिचा अहवाल अद्याप आलेला नाही, आणि सान्ना मात्र दरवर्षी होतात, कारण लेक त्या आदल्या रात्री वाटून ठेवते आणि बैठकीत त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

सोरपोतेलच्या बाबतीत तर मी सरकारी कामकाजाचा कळस पाहिला. हा पदार्थ ताजा खायचा नसतो. मटण, काळीज वगैरे उकडून, बारीक चिरून, परतून, मसाल्यात आणि व्हिनेगरात शिजवून ठेवायचं; रोज एकदा गरम करायचं; तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला खरी चव येते. म्हणजे पंचविसाला पानात हवं तर वीस-एकविसाला चुलीवर हवं. यंदा चौथा रविवार अगदी नाताळच्या तोंडावर आला. काका विषयपत्रिका वाचू लागले : “बाब क्रमांक सात. सोरपोतेल करावे अगर कसे.” घरभर व्हिनेगरचा वास कोंदला होता. स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं ओटीवरून स्पष्ट दिसत होतं. मोठीबाय नाकाला पदर लावून हसत होती. काकांनी अनुकूल आणि प्रतिकूल मुद्दे मांडले, खाटकाकडची गर्दी मांडली, डॉक्टरांनी सांगितलेलं कोलेस्टेरॉल मांडलं. मग इतिहास मांडला. “पोर्तुगीज १५३४ ला वसईत आले, १७३९ ला गेले. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. व्हिनेगर कुणाला घेता आलं नाही. ते आपण राखलं. तेव्हा ही आपली जबाबदारी आहे.” ठराव एकमताने संमत झाला. काकी उठल्या, आत गेल्या आणि पातेलं त्या दिवसापुरतं गरम करून आल्या.

काकांना हे सगळं कळत नाही असं समजू नका. माणूस मुरलेला आहे. सचिवाने आधीच ठरवलेल्या गोष्टीवर आपण चर्चा करायची असते, हे त्यांनी नोकरीत पुरेपूर पाहिलं होतं. घरी फक्त सचिव बदलला. शिवाय एक हिशेब त्यांच्या बाजूचा आहे. खाणाऱ्यांचा नाताळ दुपारी चारला ढेकर देऊन संपतो. काकांचा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, आणि त्यातली टर्की, कोळंबी, पोलंडचे बारा पदार्थ हे सगळं त्यांनी न शिजवता, पैसा न मोडता, आम्लपित्त न वाढवता चाखलेलं असतं.

रात्रीच्या मिस्सेचा, म्हणजे चर्चच्या उपासनेचा, प्रश्न अलीकडे नव्याने उपटला. पूर्वी मिस्सा बाराला असे. लाउडस्पीकरला दहाची मर्यादा आल्यापासून उघड्या पटांगणातली मिस्सा बऱ्याच ठिकाणी लवकर होते. काका यात अडकले. बाराच्या मिस्सेनंतर घरी येऊन केकचा तुकडा आणि कपभर गरम खिमाड (मसाल्याची दारू) घेतली तर तो नाताळचा फराळ. पण माणसं दहा-साडेदहालाच घरी आली आणि त्यांना भूक लागली, तर ते जेवण चोवीस तारखेच्या खाती टाकायचं की पंचवीसच्या? पूर्वी चोवीसला उपास असे, हे मोठीबायने आठवून सांगितलं, तेव्हा प्रकरण आणखी गुंतलं. कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं नसतं, एवढं निर्विवाद आहे. काकांनी त्या तासातच तातडीची बैठक बोलावली. उपाशी माणसं लवकर सहमत होतात, हा त्यांचा अनुभव.

पंचविसाला दुपारी पानं मांडली जातात. मोईली, विंदालू, सोरपोतेल, फुगे, सान्ना, पुलाव, मोठीबायसाठी कमी तिखटाचं पापलेटचं कालवण, पोरांसाठी चिकन आणि मधोमध सुकेळी, कारण वसईत राजेळी केळ्यांची सुकेळी नसलेलं कुठलंही मेज अपुरं. काका फाइल हातात घेऊन ओळीने फिरतात आणि एकेका भांड्यासमोर बरोबरची खूण करतात. ठरावात नसलेले दोन-तीन पदार्थ हमखास निघतात. यंदा फणसाच्या कुयरीची भाजी निघाली. काका थबकले. “ही कुणी मंजूर केली?”

“शेजारच्या बाई काय नुसता भात खातील?” काकी म्हणाल्या.

काकांनी पेन काढलं आणि समासात लिहिलं : ‘कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे.’ मग ते बसले आणि भाताची एक मूद, त्यावर पापलेटचं कालवण, असं साधं जेवले. त्यांना तिखट सोसत नाही.

सव्वीस तारखेला आमच्याकडे ताट आलं. नेवऱ्या होत्या, आपल्या करंजीची चुलत बहीण शोभेल अशा. कुलकुल होते, नव्या कंगव्याच्या दात्यांवरून वळलेले, साखरेत घोळवलेले, आईसाठी मुद्दाम बिनअंड्याचे. ताटावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालाखाली चिठ्ठी : ‘नेवऱ्या – १२ नग. कुलकुल – अंदाजे पाव किलो. अंडे – निरंक. कृपया पोच द्यावी.’

रिकामं ताट परत पाठवणं आईला जमत नाही. तिने त्यात गूळपोळ्या घातल्या, आणि ती स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली असल्यामुळे खाली लिहिलं : ‘नेवऱ्या ११ नग सुस्थितीत मिळाल्या. १ नग फुटलेला होता. माहितीसाठी सादर.’

संध्याकाळी कुंपणापलीकडून काकांचा आवाज आला. ते काकींना नवी फाइल शोधायला सांगत होते.